वाणाची पर्ची

गार्डनं आईची पिशवी उलटी केली. जुनी शाल पडली, माझे मोजे पडले, आणि शेवटी स्टीलचा एक नवा कोरा डबा फरशीवर आपटून खुर्चीखाली गेला. झाकण उघडलं. आतले चार तिळाचे लाडू घरंगळत गार्डच्या बुटांपाशी थांबले.

"ये किसका है?"

"माझा. वाण आहे," आई मराठीतच म्हणाली. घाबरली की तिची हिंदी पळून जायची.

"पर्ची दिखाओ."

पर्ची नव्हती. वाणाला कुठे पर्ची असते?

मी अकरा वर्षांची होते. संक्रांतीचा दिवस होता, उन्हं कलली होती, गेटमधून गाड्या आत येत होत्या. प्रत्येक गाडीची काच जरा खाली व्हायची, आतली माणसं बघायची, आणि काच वर जायची.

ही सोसायटी दिल्लीतली, यमुनेपलीकडची. आम्ही तिच्या मागच्या झोपड्यांत राहायचो. बाबा नगर जिल्ह्यातून आलेले, कस्तुरबा गांधी मार्गावरच्या सरकारी अतिथीगृहात आचाऱ्याच्या हाताखाली कंत्राटावर लागले होते. आई सोसायटीतल्या एका मराठी घरी कामाला. साहेब केंद्र सरकारात मोठ्या हुद्द्यावर. बाईंना मी काकू म्हणायचे. "मला काकूच म्हण गं," असं त्यांनीच सांगितलं होतं.

आईला त्यांनी खरं तर स्वयंपाकाला बोलावलं होतं. आपल्या हातची भाकरी दिल्लीत मिळत नाही म्हणाल्या. मग आडनाव विचारलं. आईनं सांगितलं. काकू जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "तसं स्वयंपाकाचं मीच बघते. तू धुणीभांडी कर." आईनं मान हलवली. आडनाव सांगून झालं की आमची कामं अशीच बदलतात.

सोसायटीचा नियम असा होता. कामवालीला घरातली कुठलीही वस्तू दिली, तर मालकिणीनं पर्ची लिहायची. काय दिलं, फ्लॅट नंबर, सही. गेटवर गार्ड पर्ची बघणार, वस्तू बघणार, शिक्का मारून पर्ची परत देणार, मग बाई बाहेर. शिळी भाजी असली तरी पर्ची. कामवाली आत जाताना तिची पिशवी कुणी बघत नाही. बाहेर पडताना बघतात. हा नियम दिल्लीत आजही घरोघरी चालतो, आणि तो वाईट आहे असं तिथं राहणाऱ्या कुणाला वाटत नाही.

त्या दिवशी काकूंकडे हळदीकुंकू होतं. मराठी मंडळातल्या बायका नटून आल्या होत्या. आई मागच्या बाल्कनीत कप विसळत होती, मी पुसत होते. काकू आल्या, मागे दार लोटून घेतलं, आणि घाईघाईनं आईच्या कपाळाला हळदीकुंकू लावलं. हातात डबा दिला. म्हणाल्या, "बाहेर कुणाला बोलू नकोस हं. सासूबाईंना चालत नाही."

आई त्यांच्या पाया पडली. आजही ते आठवलं की मला किळस येते. त्या लोटलेल्या दाराची येते, आणि आईच्या वाकण्याचीही येते.

गार्डनं इंटरकॉम लावला. आवाज मोठा होता. मागे कुणीतरी उखाणा घेत होतं आणि बायका हसत होत्या.

"मैडम, आपकी बाई के पास नया डिब्बा निकला है. आपने दिया?"

पलीकडून आधी सासूबाईंचा आवाज, "कोण आहे गं?" आणि मग काकूंचा, खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जावा असा.

"नहीं भैया, मैंने तो नहीं दिया."

एवढंच वाक्य. आमच्या जातीच्या बाईला हळदीकुंकू लावलं हे चारचौघींत कबूल करण्यापेक्षा तिला चोर ठरवणं काकूंना सोपं गेलं. हे मला तेव्हा समजलं नाही. तेव्हा मला वाटलं, विसरल्या असतील. आत्ताच तर दिलं, असं कसं विसरल्या, याचाच मी विचार करत राहिले.

काकू खाली आल्या. पैठणी, नथ, हातात मोबाइल. मी ओरडले, "काकू, तुम्हीच दिलं! मी बघितलं!"

त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. गार्डला म्हणाल्या, "बच्चों को भी सिखाकर रखते हैं." मग आवाज मऊ केला. "छोड़ दो भैया. गरीब है. पुलिस-वुलिस रहने दो." डबा उचलला, पुसला, काखेत घेतला. जाता जाता आईला हळू मराठीत म्हणाल्या, "उद्यापासून येऊ नकोस."

आईच्या कपाळावर त्यांच्याच बोटाचं कुंकू होतं. पुरावा कपाळावर होता. तो वाचता येणारी एकच बाई त्या गेटवर होती, आणि ती लिफ्टकडे चालली होती.

घरी येऊन आईनं कपाळ धुतलं. नंतर तिनं कधी कुंकू लावलं नाही. शेजारणी विचारायच्या, नवरा धडधाकट असताना हे काय? आई म्हणायची, पुरळ येतं.

मी आठ वर्षांनी कामाला लागले. दुसरी सोसायटी, तसंच गेट, तीच पर्ची. कामवाल्यांनी लॉबीतल्या बाकावर बसायचं नाही, लिफ्ट वेगळी. रोज संध्याकाळी माझी पिशवी उलटी व्हायची, आणि रोज मला तो घरंगळणारा लाडू दिसायचा. मनात एकच चालायचं. चोर म्हणालात ना? घ्या मग.

करोल बागेतला एक माणूस सोसायटीत गाड्यांना सीट कव्हर बसवायला यायचा. गोड बोलायचा. त्याला वस्तू नको होती, माहिती हवी होती. कुठलं घर कधी रिकामं असतं, किल्ली कुठल्या बुटात ठेवतात. मी त्याला तीन घरं सांगितली. वाटा घेतला.

अशी कहाणी सांगताना लोक भूक सांगतात, आजारपण सांगतात, बहिणीचं लग्न सांगतात. माझ्याकडे तसलं काही नव्हतं. बाबा कमावत होते, दोन वेळचं मिळत होतं. मला मजा येत होती. संध्याकाळी माझी पिशवी उचकायला लावणाऱ्या बायका दुसऱ्या दिवशी रडताना बघायला मजा येत होती. मी त्यांना पाणी आणून द्यायचे. "तू कितनी अच्छी है रे," त्या म्हणायच्या, आणि मी मान खाली घालून हसू दाबायचे. घाणेरडी मजा होती. तिच्यावर सुडाचं नाव लिहून मी ती चाटत होते.

चौथं घर फुलमनीच्या मालकिणीचं.

फुलमनी झारखंडची. सोळाची असेल, सतराची असेल, तिलाच नक्की माहीत नव्हतं. मी समोरच्या फ्लॅटमध्ये होते. दुपारी आम्ही दोघी जिन्यात बसून जेवायचो. ती मला तिच्या डब्यातला भात द्यायची, मी तिला भाकरी द्यायचे. मालकिणीच्या बाळाला बागेत घेऊन ती अकराला खाली जाते आणि एकला येते, हे मला तिनंच सांगितलं होतं. मी ते पुढे सांगितलं.

चोरी झाली. संशय फुलमनीवर. दुसरं होणार काय? सोसायटीच्या ऑफिसात पाच-सहा बायका जमल्या. तिचे कपडे काढून बघा, एक म्हणाली. पण तिच्या कपड्यांना हात कुणाला लावायचा नव्हता. मालकिणीनं इकडेतिकडे बघितलं. दारात मी उभी होते.

"तू देख ले. तू भरोसे की है."

मी तिला ऑफिसच्या बाथरूममध्ये नेलं. कडी लावली. फरशी ओली होती आणि फिनाइलचा वास येत होता. मी तिचा कुर्ता काढला. सलवार काढली. शिवणी चाचपल्या, केस सोडून बघितले. चोर साधूची झडती घेत होता आणि बाहेर बायका वाट बघत होत्या. ती रडली नाही. एकदाच म्हणाली, "दीदी, तुम तो मुझे जानती हो."

मी तिच्याकडे बघितलं नाही. कमरेच्या नाडीला तिनं एक प्लास्टिकची पुडी बांधलेली होती. मी ती सोडली. आत पर्च्या होत्या. शिक्का मारलेल्या, घड्या घातलेल्या, घामानं पिवळ्या पडलेल्या. 'एक पुरानी फ्रॉक दी.' 'टूटी छतरी.' 'ब्रेड, आधा पैकेट.' 'दिवाली की मिठाई, थोड़ी.' फुलमनीला अक्षर वाचता येत नव्हतं. कुणी कधी चोर म्हणालं तर दाखवायला हव्यात, म्हणून मिळालेली प्रत्येक पर्ची ती पोटाशी बांधून फिरत होती.

मी पुडी बाहेर आणून मालकिणीला दिली. तिनं दोन पर्च्या वाचल्या आणि हसली. "कूड़ा जमा करती है ये तो. फेंक दे."

फुलमनीला पोलीस घेऊन गेले. पुडी मी फेकली नाही, माझ्या पिशवीत टाकली. पण बोलले नाही. घरी गेले. आईनं वांग्याची भाजी केली होती. मी दोन भाकरी खाल्ल्या. हे लिहायलाच हवं, म्हणून लिहिते.

सकाळी तोंड धुवायला बसले. हात तोंडाशी आले आणि मोहरीच्या तेलाचा वास आला. फुलमनीच्या केसांचं तेल. तिथंच भडभडून ओकले. मला सगळं माहीत होतं, आणि माझ्या गप्प बसण्यानं मी म्हणाले होते, मैंने तो नहीं. पैठणी नव्हती, नथ नव्हती, पण काकू मी झाले होते.

आईला सांगितलं. सगळं. चारही घरं. ती भाकरीचं पीठ मळत होती, तिचे हात थांबले. म्हणाली, "त्या दिवशी गेटवर मी चोर नव्हते. माझ्याकडे तेवढं एकच होतं. तू तेही घालवलंस."

चौकीत जाऊन मी सांगितलं, चोरी मी करवली. हवालदार म्हणाला, "पागल है क्या, घर जा." मी बसून राहिले. माणसाचं नाव सांगितलं, दुकान सांगितलं, चारही घरांचे नंबर सांगितले. मग त्यांनी लिहायला घेतलं. फुलमनी कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली होती. मारानं तळपाय सुजले होते. तिनं माझ्याकडे बघितलं आणि जमिनीवर थुंकली. बरोबर केलं.

फुलमनीला सोडलं, मी तुरुंगात गेले. सीट कव्हरवालाही गेला, आणि माझ्या आधी सुटलाही. त्याला वकील होता. मी सुटल्यावर पुडी परत द्यायला फुलमनीच्या खोलीवर गेले. बरोबरच्या मुली म्हणाल्या, ती गावी गेली, कुठल्या ते माहीत नाही. पुडी माझ्याकडेच राहिली.

आता आम्ही दक्षिण दिल्लीत मुनिरक्यात राहतो, आई आणि मी. बाबा गेले. खाली एक ओलसर खोली घेतली आहे. दुपारी दोन ते चार तिथं मुली येतात. पंधरा ते वीस वयाच्या, घरोघर काम करणाऱ्या, दोन कामांच्या मधल्या वेळात. आसपास राहणारे विद्यार्थी येऊन गणित-इंग्रजी शिकवतात. अक्षरं मी शिकवते, फुलमनीच्या पर्च्यांवरून. 'टूटी छतरी' वाचता आली की पहिली पायरी झाली. फुलमनीनं पोटाशी जपलेलं मी भिंतीवर लावते, याचीही कधीकधी मला घृणा वाटते. तरी लावते. त्यापेक्षा चांगलं पुस्तक मला मिळालेलं नाही.

नव्या मुलीला पहिल्याच दिवशी सांगते, मी कोण, काय केलं. काहीजणी परत येत नाहीत. त्यांचं चूक नाही. रुबीना आली. ती अठराची, तिखट जिभेची. तिला एक असाच गोड बोलणारा भेटला होता, त्यानं मोबाइल दिला होता आणि घरं विचारत होता. मी तिच्यासमोर बसले आणि बाथरूमची गोष्ट सांगितली, वासासकट. दुसऱ्या दिवशी तिनं मोबाइल परत केला. मला मात्र आठवडाभर बोलली नाही.

यंदा संक्रांतीच्या आधी निरोप आला. शिकवायला येणाऱ्या एका मराठी मुलीच्या ओळखीतून. 'आमच्याकडे यंदा सगळ्यांसाठी हळदीकुंकू आहे. जात नाही, लग्न झालेल्या-न झालेल्या असा भेद नाही. तुमच्या मुलींना घेऊन या.' खाली पत्ता होता. यमुनेपलीकडची तीच सोसायटी. फ्लॅटचा नंबरही तोच. बोलावणारी काकूंची सून होती.

मी का गेले? काकूंच्या तोंडून तीन शब्द ऐकायला. 'मी दिलं होतं.' ते आईला नेऊन द्यायचे होते. आईचे गुडघे गेलेत, कानही जातायत. ऐकू येतं तोवर ते तिनं ऐकावं, एवढंच मला हवं होतं.

मेट्रोनं गेलो. चौदा मुली आणि मी. मुली खुशीत होत्या, रुबीनानं सगळ्यांना लिपस्टिक लावली होती. सून बरी बाई. तिनं बाहेर हॉलमध्ये, सगळ्यांसमोर आम्हाला हळदीकुंकू लावलं. दार लोटलं नाही. एवढं बदललं, हे मी मान्य करते. काकू आरामखुर्चीत होत्या, थकलेल्या, पांढऱ्या. त्यांनी मला ओळखलं.

"तुझी आई आमच्याकडे होती ना? कशी आहे? फार प्रामाणिक बाई हो," त्या शेजारणीला म्हणाल्या.

प्रामाणिक. मी खाली बसले, त्यांच्या खुर्चीपाशी, आणि हळू विचारलं, "काकू, मग तो डबा?"

"कुठला डबा?"

त्यांना आठवत होतं. डोळे आधी सुनेकडे गेले, मग माझ्याकडे आले. मग त्यांनी वाटीतला लाडू उचलून माझ्या हातावर ठेवला. "तिळगूळ घे, गोड बोल."

वाण म्हणून प्रत्येकीला स्टीलचा डबा मिळाला. मलाही. आम्ही खाली उतरलो.

गेटवर गार्ड नवा होता, पोरसवदा. डबे बघून उठला. "मैडम, गेट पास? आजकल ऐप पर आता है. मेड लोग के सामान का पास चाहिए."

पर्ची आता मोबाइलवर येते. एवढाच फरक. गार्डनं सुनेला फोन लावला, स्पीकरवर. "अय्या, सॉरी, विसरलेच!" ती हसली. "पंधरा डबे ना? दोन मिनिटांत पास पाठवते."

मी म्हणाले, "पाठवू नका. काकूंना फोन द्या."

खुर्ची करकरली. काकूंचा श्वास ऐकू आला.

"काकू, मी गेटवरून बोलतेय. गार्ड विचारतोय, डबे कुणी दिले. तुम्ही सांगा. आजचे पंधरा, आणि आईचा एक."

मागे बायकांचं हसणं त्या वेळेसारखंच.

"सूनबाई पास पाठवतेय ना? मग कशाला तमाशा करतेस? जुनं उकरून काय मिळतं तुम्हाला?"

फोन बंद झाला. गार्डच्या मोबाइलवर टिंग वाजलं. "आ गया मैडम. पंद्रह स्टील के डिब्बे, मेड्स के लिए. ले जाइए."

मी माझा डबा त्याच्या टेबलावर ठेवला. मुलींना काही म्हणाले नाही. एकीनं माझ्याकडे बघितलं आणि ठेवला. मग दुसरीनं. डब्यावर डबा चढत गेला. रुबीना शेवटची. तिनं डबा दोन्ही हातांत धरला होता.

"दीदी, मेरा पास तो आ गया ना. मुझे चाहिए था."

"रखना है तो रख ले."

ती थांबली. मग डबा टेबलावर आपटला आणि माझ्याकडे न बघता बाहेर पडली. मेट्रोत ती लांब जाऊन बसली. मी समजूत घालायला गेले नाही. तिला घरी भाजी ठेवायला डबा हवा होता, आणि तिचा डबा माझ्या भांडणात गेला. तिचा राग खरा होता.

घरी आई जागीच होती. "काय दिलं?" तिनं विचारलं.

"डबा. गेटवर ठेवून आले."

"बाई काय म्हणाल्या?"

"गोड बोल म्हणाल्या."

आईनं मला जवळ बोलावलं आणि पदराचं टोक ओलं करून माझं कपाळ पुसलं. दोनदा पुसलं.

मी चोर होते. ते मी चौकीत जाऊन सांगितलं, कुणी न विचारता, आणि त्याची शिक्षा भोगून आले. काकूंना दोनदा विचारलं, तरी एका डब्याचं त्या बोलल्या नाहीत. लोक मला सुधारलेली म्हणून कार्यक्रमांना बोलावतात, टाळ्या वाजवतात. सुधारायचं कुणाचं राहिलंय ते त्यांनी आपल्या खुर्चीत बसून बघावं.

वर्गात आता ठरलं आहे. रुबीनानंच सगळ्यांत जास्त वाद घातला आणि मग तिनंच मोठ्या अक्षरांत भिंतीवर लिहिलं. पगार घ्यायचा, दिलेलं घ्यायचं नाही. जिला द्यायचं असेल तिनं गेटपर्यंत चालत यावं आणि सगळ्यांसमोर तोंडानं सांगावं, मी दिलं. झडतीला अंग द्यायचं नाही. दुसरीची झडती घ्यायला सांगितली तर हात बांधून उभं राहायचं, काम गेलं तरी. एकीला गेटवर अडवलं तर बाकीच्या सगळ्या त्या गेटवर.

आणि पुढच्या संक्रांतीला मी त्या सोसायटीत जाणार आहे. आमंत्रणाशिवाय, आईला रिक्षात घालून. वर जाणार नाही. गेटवर उभी राहून गार्डला सांगणार आहे, फोन लाव आणि विचार, या बाईला डबा कुणी दिला होता. नाही म्हणाल्या, तर त्याच्या पुढच्या संक्रांतीला परत.